दातांवरचा कीट, मनातली भीती

अकोल्याच्या आमच्या खाला दोन वर्षं एकाच बाजूने जेवायच्या. हिरड्यांतून रक्त यायचं, पण दात साफ करून घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मशीन लावली की दात हलतात."

खरं म्हणजे दात हलतात ते कीटामुळे. तो हिरडीखाली साचतो, हिरडी सुटते, आतलं हाड झिजतं. मिसवाक रोज करावीच, ती सुन्नत आहे. पण कीट एकदा दगडासारखा झाला की मिसवाकनेही निघत नाही, ब्रशनेही नाही. मशीनचं टोक थरथरून तोच फोडतं. तो निघाल्यावर फटी मोकळ्या दिसतात, थंड पाणी काही दिवस झोंबतं. एवढ्यावरूनच मशीनचं नाव बद्दू होतं.

अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. गेल्या महिन्यात लेकीने खालांना नेलं. त्यांनी आधीच सांगितलं, "मी हात वर केला की थांबा." दोनदाच हात वर झाला. एक दाढ मात्र आधीच गेली होती, ती काढावी लागली.

भगिनींनो, शुगर असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. रमजानात इफ्तारनंतरची वेळ मागा. दाढ जाण्याची वाट मात्र पाहू नका.