सलामीच्या जोडीची खतावणी

कसोटी क्रिकेटमधील सर्वश्रेष्ठ सलामीवीर कोण, हा वाद नाशिकमध्ये बहुधा सकाळीच रंगतो. गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर नेमाच्या फेऱ्या झाल्या की ज्येष्ठ मंडळी घाम पुसत टेकतात आणि आदल्या रात्री अर्धवट राहिलेला विषय पुढे सुरू होतो. पक्ष ठरलेले आहेत. साठी ओलांडलेले सुनील गावसकरांच्या बाजूचे, त्यांची मुले वीरेंद्र सेहवाग यांच्या बाजूची, आणि नातवंडांना यशस्वी जयस्वालपलीकडे कोणी दिसत नाही. एखादे वाचनप्रेमी गृहस्थ हॉब्ज आणि सटक्लिफ यांची नावे काढतात, तेव्हा क्षणभर शांतता पसरते. कारण त्यांना खेळताना पाहिलेले कोणीच उरलेले नाही.

वादाला जागा मात्र योग्य लाभली आहे. कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे नाव असलेल्या या मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. जानेवारी 2025 मध्ये बडोद्याविरुद्धचा सामना येथेच झाला. नाशिकची जानेवारीतली सकाळ म्हणजे हाडांत शिरणारा गारवा. हवेत ओल असते, चेंडू नवा आणि कडक असतो, त्याची शिवण वर उठलेली असते. अशा वेळी सलामीवीर पहिल्या तासात काय करतो, हे दूरचित्रवाणीपेक्षा सीमारेषेजवळ बसून अधिक नीट कळते. तो बहुतेक वेळा काहीच करत नाही. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू पाहतो, बॅट वर उचलतो आणि चेंडू यष्टिरक्षकाकडे जाऊ देतो. हे ‘काहीच न करणे’ धावफलकावर कोठेही नोंदले जात नाही, आणि साऱ्या वादाचे मूळ तेथेच आहे.

केवळ आकड्यांनी निकाल लागला असता, तर वाद पाच मिनिटांत मिटला असता. हर्बर्ट सटक्लिफ यांची कसोटीतील सरासरी 60.73, जॅक हॉब्ज यांची 56.94, गावसकरांची 51.12. दक्षिण आफ्रिकेच्या बॅरी रिचर्ड्स यांची तर 72.57, पण त्यांचा देश आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर गेल्यामुळे त्यांना अवघे चार कसोटी सामने मिळाले. एकूण धावा पाहाव्यात, तर 12,472 धावा करणारे अ‍ॅलिस्टर कुक सर्वांच्या वर दिसतात. मात्र हॉब्ज खेळले ते पावसात भिजणाऱ्या, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर. गावसकरांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध हेल्मेट येण्यापूर्वीचा, आणि षटकात किती उसळते चेंडू टाकावेत यावर आजच्यासारखे बंधन नसतानाचा. कुक यांच्या काळात हेल्मेट होते. पण वर्षाला इतके सामने होते की शरीराला उसंत नव्हती. वेगवेगळ्या सालांतील रुपये महागाईचा विचार न करता एका बेरजेत मांडावेत, तसा हा प्रकार होतो.

ताळेबंदाचीच भाषा वापरायची, तर सलामीवीराचे खरे काम ‘संभाव्य देयता’ या सदरात मोडते. एखाद्या संस्थेने दुसऱ्यासाठी दिलेली हमी तिच्या ताळेबंदाच्या बेरजेत येत नाही. ती खाली वेगळी नमूद केलेली असते आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते. सलामीवीर हा मधल्या फळीचा जामीनदार असतो. तो तासभर उभा राहिला, तर चौथ्या क्रमांकाचा खेळाडू मऊ पडलेल्या, लकाकी गेलेल्या चेंडूवर शतक काढतो. शतक त्याच्या नावावर जमा होते; हमी देणाऱ्याच्या खात्यावर पंचवीस धावा दिसतात.

म्हणूनच ‘सर्वश्रेष्ठ सलामीवीर’ या प्रश्नाऐवजी ‘सर्वश्रेष्ठ सलामीची जोडी’ असा प्रश्न विचारला, तर उत्तराच्या अधिक जवळ जाता येते. हॉब्ज आणि सटक्लिफ यांनी 38 डावांत सलामीला 3,249 धावांची भर घातली, सरासरी 87.81. हा आकडा आजही दुसऱ्या कोणत्याही मोठ्या जोडीच्या आवाक्यात नाही. 1929 च्या जानेवारीत मेलबर्नला पावसाने खेळपट्टी बिघडली होती आणि इंग्लंडला जिंकण्यासाठी 332 धावा हव्या होत्या. त्या घसरड्या, उसळत्या खेळपट्टीवर या दोघांनी 105 धावांची सलामी दिली. हॉब्ज तेव्हा 46 वर्षांचे होते. ते 49 धावांवर बाद झाले, सटक्लिफ यांनी 135 केल्या आणि इंग्लंड तीन गडी राखून जिंकले. त्या डावातले हॉब्ज यांचे 49 कोणत्या सरासरीत मावणार?

आता एक आकडा असा, जो सांगितल्यावर समोरचा माणूस हमखास पुन्हा विचारतो. गॉर्डन ग्रीनिज आणि डेस्मंड हेन्स या वेस्ट इंडिजच्या जगप्रसिद्ध जोडीची सलामीची सरासरी 47.31. गावसकर आणि चेतन चौहान यांची 53.75. ग्रीनिज-हेन्स 148 डाव एकत्र खेळले आणि त्यांनी 6,482 धावा जमवल्या, हे खरे. भारतीय जोडीच्या वाट्याला 59 डाव आले आणि धावा 3,010. तरीही ग्रीनिज-हेन्सना स्वतःच्याच संघातील मार्शल, होल्डिंग यांना तोंड द्यावे लागले नाही, ही बाब हिशेबात धरायला हरकत नसावी.

चौहान यांचा जन्म बरेलीचा, पण वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे ते पुण्यात आले आणि तेथेच घडले. वाडिया महाविद्यालय, कमल भांडारकरांचे मार्गदर्शन, मग महाराष्ट्राचा रणजी संघ. 1972-73 च्या हंगामात त्यांनी विदर्भाविरुद्ध मधू गुप्ते यांच्यासह 405 धावांची सलामी दिली. पुढे ते दिल्लीकडून खेळू लागले, तरी महाराष्ट्रातील जुने प्रेक्षक त्यांना आपलेच मानत. कसोटीत 40 सामने, 2,084 धावा, सरासरी 31.57, शतक एकही नाही. शतकाविना दोन हजार धावा करणारे ते पहिले कसोटीपटू. 1978 मध्ये लाहोरला 93, 1981 मध्ये अ‍ॅडलेडला 97. हे आकडे वाचून नव्या पिढीतील मुलगा विचारतो, “मग यांना इतके सामने मिळालेच कसे?”

त्याचे उत्तर 1979 च्या ओव्हल कसोटीत आहे. इंग्लंडने भारतासमोर 438 धावांचे लक्ष्य ठेवले होते. गावसकर आणि चौहान यांनी 213 धावांची सलामी दिली आणि 1936 मध्ये मँचेस्टरला विजय मर्चंट व मुश्ताक अली यांनी रचलेला 203 धावांचा विक्रम मागे पडला. गावसकरांचे 221 सर्वांच्या लक्षात आहेत. चौहान यांचे 80 सांगावे लागतात. भारत 8 बाद 429 वर थांबला, विजय नऊ धावांनी हुकला.

दीड वर्षाने मेलबर्न. भारत पहिल्या डावात 182 धावांनी मागे. दुसऱ्या डावात या जोडीने 165 धावांची सलामी दिली आणि डेनिस लिली यांच्या चेंडूवर गावसकरांना पायचीत ठरवण्यात आले. चेंडू बॅटला लागला होता, अशी त्यांची खात्री. रागाच्या भरात ते चौहान यांनाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर शाहिद दुराणी यांनी चौहान यांना परत पाठवले, अन्यथा सामना सोडून दिल्याचे ठरले असते. या प्रसंगाची चर्चा आजवर पंच, लिली आणि गावसकर यांच्याभोवती फिरत आली. परत जाऊन पुन्हा पवित्रा घेणारा माणूस तिच्यात सहसा दिसत नाही. चौहान 85 धावा करून बाद झाले, भारताचा डाव 324 वर संपला, आणि 143 धावा हव्या असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ 83 धावांत गारद झाला. कपिलदेव यांनी 28 धावांत पाच बळी घेतले. त्या दौऱ्यापाठोपाठ न्यूझीलंडमध्ये झालेल्या मालिकेनंतर चौहान पुन्हा कसोटी खेळले नाहीत आणि गावसकरांचा जोडीदार बदलत राहिला.

सेहवाग-पक्षाचे म्हणणे यामुळे खोटे ठरत नाही. त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे. दर शंभर चेंडूंमागे 82 धावांच्या वेगाने खेळणारा सलामीवीर आपल्या गोलंदाजांना वेळ मिळवून देतो, आणि तीही एक हमीच आहे. डिसेंबर 2008 मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध 387 धावांचे लक्ष्य असताना सेहवाग यांनी 68 चेंडूंत 83 धावा केल्या. पाचव्या दिवशी सचिन तेंडुलकर यांनी नाबाद शतकासह सामना जिंकून दिला. पण लक्ष्य आवाक्यात आले ते आदल्या संध्याकाळी. मुलतान आणि चेन्नई येथील दोन त्रिशतकांपेक्षा हा डाव मोठा मानावा. मात्र पलीकडे गौतम गंभीर यांच्यासारखा चिवट जोडीदार होता, हे विसरता येत नाही.

गावसकरांच्या बाजूचे लोकही कधीकधी अवाजवी बोलतात. वेस्ट इंडिजविरुद्धची तेरा शतके ते एका दमात सांगतात. त्यांपैकी चार 1978-79 मधली, जेव्हा वेस्ट इंडिजचे मुख्य गोलंदाज पॅकर यांच्या मालिकेत गुंतले होते. आणि 1971 च्या 774 धावांच्या मालिकेत नंतरच्या काळातील तो भेदक वेगवान मारा नव्हता. पण ही वजावट केल्यावरही 1983 च्या दिल्ली कसोटीत मार्शल आणि होल्डिंग यांच्यासमोर 94 चेंडूंत झळकावलेले शतक उरते. कारकिर्दीच्या शेवटच्या डावातील, बंगळूरच्या वळत्या खेळपट्टीवरचे 96 उरतात. ‘गावसकर की सेहवाग’ असेच विचारले, तर गावसकर. जोडी निवडायची, तर गावसकर-चौहान. जागतिक जोडीबाबत हॉब्ज-सटक्लिफ यांच्यापुढे दुसरे नाव सुचत नाही.

विजय मर्चंट यांचे काय, हा प्रश्न मुंबईहून नाशिकला स्थायिक झालेला कोणीतरी विचारतोच. प्रथम श्रेणीत 71.64 ही सरासरी, ब्रॅडमन यांच्याखालोखाल; आणि कसोटी सामने 18 वर्षांत फक्त दहा, त्यांत 47.72 ची सरासरी. महायुद्धाने आणि प्रकृतीने त्यांची उमेदीची वर्षे खाल्ली. योगायोग असा, की 1971 मध्ये ज्या निवड समितीने तरुण गावसकरांना वेस्ट इंडिजला पाठवले, तिचे अध्यक्ष मर्चंटच होते. सलामीवीराची पारख सलामीवीराने केली.

आणि या वादात ज्यांचे नाव क्वचितच निघते, ते माधव आपटे. लेगस्पिन टाकणाऱ्या या मुलाला विनू मंकड यांनी सलामीवीर बनवले. 1953 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी पाच कसोटींत 460 धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद 163. कारकिर्दीत एकूण सात कसोटी, 542 धावा, सरासरी 49.27. चौहान यांच्या बाबतीत निदान शतक नसल्याचे निमित्त सांगता येते. आपटे यांच्यापाशी शतक होते, सरासरी होती, वय होते. तरी त्या दौऱ्यानंतर त्यांना भारताकडून पुन्हा बोलावणे आले नाही. ते 2019 पर्यंत हयात होते. मुंबईच्या कांगा लीगमध्ये त्यांनी सुमारे अर्धशतक खेळ केला, तोही सत्तरीच्या घरात जाईपर्यंत. ही लीग भर पावसाळ्यात होते. गवत गुडघ्याला लागते, खेळपट्टी ओली असते आणि कोणता चेंडू अंगावर उसळेल याचा नेम नसतो.