पैठणची पैठणी, पिल्झेनची पिल्सनर

वडीलधाऱ्यांनी नाक मुरडू नये. आज विषय बिअरचा आहे! पैठणची ती पैठणी, तशी बोहेमियातल्या पिल्झेन गावची ती पिल्सनर. १८३८ साली तेथल्या नागरिकांनी नासक्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली आणि १८४२ मध्ये बव्हेरियाच्या योसेफ ग्रोलकडून नवी करवून घेतली. फिके माल्ट, गावचे मृदू पाणी, झाटेत्सची हॉपफुले; थंड तळघरात सावकाश मुरून ती सोनेरी उतरली. ‘लागर’ म्हणजे जर्मन भाषेत कोठारच!

मी तीन पेले शेजारी ठेवून घोट घोट चाखले. चेक पिल्सनर भरदार आणि कडवट. जर्मन सडसडीत, कोरडी. म्यूनिकची हेलेस मवाळ, धान्याच्या गोडीची. कूळ एकच, पण तिघी बहिणींचे स्वभाव निराळे!

आज जगभरच्या छोट्या भट्ट्यांतून पिल्सनर निघते. मग हे नाव गावाचे की गुणाचे? मला विचाराल, तर नाव कोणीही खुशाल घ्यावे. मात्र त्याबरोबर, वाईट माल भर चौकात ओतून देणाऱ्या त्या गावकऱ्यांची हिंमतही घ्यावी.