वेतनाचे कवच कोणाला?

भूसंपादनाचा वाढीव मोबदला मागण्यासाठी शेतकरी नांदेड वा लातूरच्या न्यायालयात उभा राहतो, तेव्हा समोरचा पक्षकार बहुधा राज्य शासन असते. निवाडा देणाऱ्या न्यायाधीशाचे वेतनही त्याच शासनाच्या तिजोरीतून निघते. म्हणूनच हे वेतन कोणी व कसे ठरवावे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा उरत नाही.

उच्च न्यायालयापुरते उत्तर राज्यघटनेने दिले आहे. अनुच्छेद २२१ नुसार तेथील न्यायाधीशांचे वेतन संसद कायद्याने ठरवते. नियुक्तीनंतर भत्ते, रजा व निवृत्तिवेतनात त्यांना अहितकारक बदल करता येत नाही. वेतनाचा खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असल्याने विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने हे वेतन १ जानेवारी २०१६ पासून दरमहा २ लाख २५ हजार रुपये झाले.

जिल्हा व तालुका न्यायाधीशांना असे कवच नाही. त्यांची वेतनश्रेणी राज्याच्या नियमांनी ठरते. ही उणीव अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने काही अंशी भरून काढली. शेट्टी आयोगाच्या बहुतांश शिफारशी २००२ मध्ये, तर रेड्डी आयोगाची वेतनवाढ २०२२ मध्ये मान्य झाली. २०१६ पासूनच्या या वाढीच्या निर्णयास सहा वर्षांहून अधिक काळ लागला.

दर वेळी याचिकेवर विसंबणारे संरक्षण अपुरेच म्हणावे लागेल. सामान्य पक्षकाराची पहिली, आणि पुष्कळदा शेवटचीही, गाठ याच न्यायाधीशांशी पडते. त्यांचे निर्भय असणे ही त्याचीच गरज आहे.