शाळेच्या ओसरीवरून : रंगगोळीची बंदूक



मार्गशीर्षातली एक रविवारची सकाळ. नंदिगड्ड्याच्या रानावरचे धुके अजून पुरते विरले नव्हते. चहाचा पेला हातात घेऊन मी ओसरीवर वह्या तपासत बसलो होतो. इतक्यात माझा एक जुना विद्यार्थी खांद्यावर गोणपाटाची पिशवी टाकून अंगणात आला. "गुरुजी, थोडा वेळ आहे का?" असे विचारून त्याने पिशवीतून जी वस्तू काढली ती पाहताच आमच्या सौ. स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. काळी, आखूड नळीची, हुबेहूब बंदूक! "घाबरू नका काकी, खेळातली आहे," असे त्याने हसून सांगितले, तरी त्यांनी ती घराच्या आत काही येऊ दिली नाही. पुढचा सारा प्रसंग त्यामुळे ओसरीवरच घडला.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर येथे राहणाऱ्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले कचेरीच्या सहलीत हा 'पेंटबॉल' नावाचा खेळ खेळून आली असतील. रंगाने भरलेली गोळी वायूच्या दाबाने सुटते, प्रतिपक्षाच्या अंगावर फुटते आणि ज्याच्या अंगावर रंग पडला तो बाद होतो. खेळणारे या साधनास बंदूक न म्हणता 'मार्कर' म्हणतात. मार्कर म्हणजे खूण करणारे. हे नाव उगाच पडलेले नाही.

आमच्या तालुक्यात जंगलखात्याच्या कामावर गेलेले वृद्ध आजही सांगतात, की तोडावयाच्या झाडाची साल थोडी तासून त्या जागी खुणेच्या हातोड्याचा ठसा मारीत. अमेरिकेतील वनकामगारांपुढेही हाच प्रश्न होता. ओढ्यापलीकडच्या किंवा काटेरी झुडपांत उभ्या असलेल्या झाडावर खूण कशी करावी? नेल्सन या रंगाच्या कंपनीने त्यावर वायूच्या दाबाने रंगगोळी फेकणारे साधन काढले. डेझी कंपनीने तिच्यासाठी बनविलेले 'नेल-स्पॉट ००७' हे यंत्र १९७० नंतरच्या दशकात झाडांवर आणि कळपातील गुरांवर खुणा करण्यास वापरले जाई. पुढे २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हेनिकर गावाजवळच्या रानात बारा जणांनी हीच यंत्रे हाती घेऊन निशाण पळविण्याचा खेळ मांडला. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा त्या भागातील एक वनकर्मी. त्याने सर्व निशाणे गोळा केली आणि तीही एकही गोळी न झाडता! रान ज्याला ठाऊक त्याला बंदुकीची गरज कमी, हे जोयड्याच्या माणसास वेगळे सांगावयास नको.

आता माझ्या विद्यार्थ्याची कथा. दांडेली-गणेशगुडीकडे काळी नदीच्या पाण्यावर नावा हाकण्यास प्रवासी येऊ लागले, तसे या भागातील तरुणांना चार पैशांचे नवे मार्ग दिसू लागले. यानेही राखीव जंगलाबाहेरच्या आपल्या वडिलोपार्जित माळावर जाळी लावून, गवताच्या पेंढ्या आणि जुने टायर मांडून खेळाचे मैदान केले. शहरातून आठ जुनी मार्कर आणली. दोन वर्षे बरी गेली. या वर्षी मात्र दिवाळीच्या सुट्टीत तीन यंत्रांतून वायू गळू लागला, उरलेल्यांच्या नळीतच गोळ्या फुटू लागल्या आणि बंगळूरहून आलेल्या एका मंडळीस त्याला पैसे परत करून वाटेस लावावे लागले. त्यानंतर शहरातील एका विक्रेत्याने त्याला विजेवर चालणाऱ्या, सेकंदात दहा-दहा गोळ्या सोडणाऱ्या चकचकीत मार्करांची चित्रे दाखविली. वडिलांच्या सुपारीचे पैसे आणि सोसायटीचे कर्ज मिळून तशी आठ घेण्याचा त्याचा बेत होता. माझ्याकडे तो आला होता तो केवळ इंग्रजी माहितीपुस्तिका वाचून घेण्यासाठी.

मी मराठीचा एम. ए. यंत्रांशी माझा संबंध शाळेच्या घंटेपुरता. परंतु पुस्तिका म्हटली की ती पहिल्या पानापासून वाचावयाची, ही सवय. मी त्याला म्हटले, "नवे घेण्याआधी जुन्याचे काय बिघडले ते तरी पाहू. ते कळले नाही तर नव्याचे काय बिघडेल हे कसे कळणार?"

पुस्तिकेतील पहिलीच ताकीद अशी, की यंत्र उघडण्यापूर्वी गोळ्या काढाव्यात, वायूचे नळकांडे सोडवावे आणि आत कोंडलेला उरलासुरला वायू मोकळ्या दिशेस सोडून द्यावा. तसे केले. खाली वर्तमानपत्र पसरले, अ‍ॅलन कीने स्क्रू काढले आणि यंत्राचे दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे वेगळे झाले. एक स्प्रिंग उडून सौं.च्या तुळशीवृंदावनापाशी जाऊन पडली. ती शोधण्यातच पाऊण तास गेला. परंतु आतली रचना इतकी सरळ निघाली, की आम्ही दोघेही चकित झालो. एक जड दट्ट्या व त्यामागे स्प्रिंग. चाप दाबला की अडकण सुटते आणि दट्ट्या पुढे धावून झडपेवर आदळतो. झडप क्षणभर उघडते, सुटलेल्या वायूचा एक भाग गोळीस पुढे ढकलतो व दुसरा दट्ट्यास मागे लोटून पुन्हा अडकणीत बसवितो. वायू बाहेर निसटू नये म्हणून जागोजाग रबराची वळी आहेत. त्यांना ओ-रिंग म्हणतात. गळतीचे मूळ तेथेच होते. एका वळ्यास भिंगातून पाहिल्यावर दिसेल एवढीशी चीर गेली होती. ते बदलले, पुस्तिकेत सांगितलेल्या जातीच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि गळती थांबली. मग त्याने लाजत कबूल केले, की आजवर तो घरातले खोबरेल घालीत असे!

नळीत गोळ्या फुटण्याचे कारण तर यंत्रात नव्हतेच. ही गोळी म्हणजे औषधाच्या मऊ कॅप्सूलचीच बहीण. बाहेर जिलेटिनचे कवच, आत पाण्याने धुऊन निघणारा रंग. तिचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. जिलेटिन ओलावा शोषून फुगते, उन्हाने मऊ पडते. याने पावसाळ्यापूर्वी स्वस्तात घेतलेल्या गोळ्या उघड्या पेटीत माळ्यावर ठेवल्या होत्या. आमच्याकडच्या आषाढ-श्रावणात पापडसुद्धा डब्याबाहेर टिकत नाहीत, तेथे या गोळ्यांची काय कथा! फुगलेली, वाकडी गोळी कितीही महाग मार्करमध्ये घातली तरी ती फुटणारच.

एवढे झाल्यावर आम्ही नव्या मार्करांची पाने उघडली. जाती मुख्यतः तीन. पहिली, वर सांगितलेल्या दट्ट्या-स्प्रिंगची. १९९८ साली निघालेले टिपमन कंपनीचे 'मॉडेल ९८' हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. जड, ओबडधोबड, पण आपटले-धोपटले तरी चालणारे, म्हणून भाड्याने मार्कर देणाऱ्या मैदानांचे ते जुने आवडते. त्याच कंपनीच्या 'एफटी-१२'चे वरचे कवच पेटीच्या झाकणासारखे उघडते, त्यामुळे सफाई अधिक सोपी. स्पायडर नावाच्या मार्करांत एक खीळ ओढली की वरचा दट्ट्या मागून बाहेर काढता येतो. ही जात बहुधा कार्बन डायऑक्साइड व दाबलेली हवा या दोहोंवर चालते.

दुसरी जात हलक्या हाताची. प्लॅनेट एक्लिप्सचे 'एमेक' हे तिच्यातले नाव घेण्याजोगे. त्याला बॅटरी लागत नाही, गोळीस ते मऊपणे ढकलते आणि सफाईस सोपे आहे. मात्र त्याला दाबलेली हवाच हवी, कार्बन डायऑक्साइड चालत नाही. तिसरी जात विजेची. तिच्यात बॅटरी, विद्युत झडप व इलेक्ट्रॉनिक पाटी असते. वेग मोठा, स्पर्धेच्या खेळाडूस शोभणारा. परंतु ओल शिरली, पाटी बिघडली, की घरच्या पान्याने काही साधत नाही.

येथे मला एक जुनी गोष्ट आठवली. मी पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे एकदा संगणक आले. हार घालून, नारळ फोडून त्यांचे स्वागत झाले. वर्षाच्या आत बॅटऱ्या गेल्या. नव्या कोणी आणावयाच्या याची पत्रापत्री सुरू झाली आणि संगणकांवर मेजाचे कापड पसरले गेले. मुलांना मी "पुढच्या महिन्यात" असे सांगत राहिलो. ती मुले शाळा सोडून गेली. यंत्र वाईट नव्हते, पण त्याच्या पोटापाण्याची सोय गावात नव्हती. ही गोष्ट सांगितल्यावर विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, त्या मुलांत मी होतो." यावर मला काही बोलता आले नाही.

मग आम्ही वहीवर चार प्रश्न लिहिले. खेळासाठी नव्हे तर कोणत्याही साधनासाठी ते उपयोगी पडतील, म्हणून येथे देतो.

पहिला : याचे अन्न कोठे मिळेल? कार्बन डायऑक्साइड सोडा-पाण्याच्या धंद्यास लागतो, त्यामुळे तो शहरातून आणणे जमते. मार्करची हवा मात्र वातावरणाच्या सुमारे २०० ते ३०० पट दाबाने भरावी लागते. ते सायकलच्या पंपाचे काम नाही. आमच्या जिल्ह्यात मुरुडेश्वराजवळ नेत्राणी बेटाभोवती पाण्याखाली उतरणाऱ्यांच्या नळकांड्यांत २०० पट दाबाची हवा भरतात, परंतु प्रत्येक वेळी घाट उतरून तेथे कोण जाणार? आणि नळकांडे कोणतेही असो, त्यावर कोरलेली चाचणीची तारीख पाहावी. साधारणतः पाच वर्षांनी ती चाचणी पुन्हा करावी लागते.

दुसरा : हे मला माझ्या ओसरीवर उघडता येईल काय? तिसरा : वळी, स्प्रिंगा, स्क्रू यांची पुडी यंत्राबरोबरच मिळते काय? सर्व यंत्रे एकाच नमुन्याची असावीत, म्हणजे एकाचा सुटा भाग दुसऱ्यास लागतो. आठ तऱ्हांची आठ यंत्रे म्हणजे आठ दुखणी.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : यापासून कोणाला इजा तर होणार नाही? गोळीचा वेग सेकंदास ३०० फुटांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. पुष्कळ मैदाने तो २८० फुटांवरच रोखतात. तोही ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो. कार्बन डायऑक्साइडचा दाब हवामानाप्रमाणे बदलतो. २० अंशांस वातावरणाच्या सुमारे ५७ पट असतो, तो ३० अंशांस ७२ पटींच्या आसपास पोहोचतो. म्हणजे डिसेंबरच्या पहाटे बेताचा बसविलेला वेग दुपारी मर्यादा ओलांडू शकतो. म्हणून वेग मोजण्याचे छोटे यंत्र हवेच, आणि मोजणी सकाळी व दुपारी अशी दोनदा व्हावी.

हे वाचताना विद्यार्थी गप्प झाला. मग म्हणाला, "गुरुजी, दिवाळीत एका पाहुण्याच्या मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली. त्याने खेळ चालू असतानाच ती पुसायला मुखवटा वर केला. त्याच क्षणी गोळी त्याच्या कानाजवळून गेली." दोन बोटे अलीकडे लागती तर त्या माणसाचा डोळा गेला असता. डोळ्यास कोणताही सुटा भाग मिळत नाही. मी विचारले, "मुखवटे बदलण्याचा खर्च तुझ्या बेतात कोठे आहे?" तो नव्हताच. विक्रेत्याने दाखविलेल्या चित्रांतही नव्हता.

आमचे गणित त्या दिवशी बदलले. पहिला खर्च वाफ न धरणाऱ्या दुहेरी काचेच्या मुखवट्यांचा, मग वेग मोजण्याच्या यंत्राचा आणि नळीच्या तोंडावर घालण्याच्या कापडी टोप्यांचा, मग हवाबंद डब्यांचा व ताज्या गोळ्यांचा. जुन्यांपैकी सहा मार्कर वळी बदलून ठीक झाली. उरलेल्या दोहोंच्या जागी त्याच नमुन्याची, दट्ट्या-स्प्रिंगची दोन नवी घेण्याचे ठरले. सोसायटीचे कर्ज काढावे लागले नाही. चकचकीत यंत्रे हुकल्याचे थोडे दुःख त्याच्या तोंडावर दिसत होते, ते मी पाहिले नाही असे दाखविले. तरुण माणसास नव्याची ओढ असावयाचीच. उद्या त्याच्याकडे स्पर्धेचे खेळाडू येऊ लागले, हवा भरण्याची सोय जवळ झाली, तर त्याने दुसऱ्या जातीकडे अवश्य जावे.

परवा मी त्याच्या मैदानावर गेलो होतो. कुंपणाशी एक पाटी दिसली : "मुखवटा काढल्यास खेळ बंद." बाजूच्या मांडवात त्याची बारावीतली बहीण वर्तमानपत्र पसरून एक मार्कर उघडून बसली होती. मी घड्याळ लावले. बावीस मिनिटांत तिने ते उघडले, पुसले, तेल दिले आणि बंद केले. एकही स्प्रिंग उडाली नाही.

आपल्या घरीही या महिन्यात काही नवे साधन यावयाचे असेल. जुने मोडीत काढण्यापूर्वी ते एकदा कोणा जाणत्याकडून उघडवून पाहावे, आणि आपण स्वतः जवळ बसावे, एवढीच विनंती.