नको म्हटलेलं चित्र

मुलांनो, तुमच्यापैकी कोणकोण पोस्टाची तिकिटं जमवतं? मी पण जमवायचे. तिसरीत असताना तिकिटांच्या कडेचे ते दाते मला अगदी गबाळे वाटायचे. एके दिवशी कात्री घेतली आणि सगळ्या कडा सरळ कापून टाकल्या. मोठ्या ऐटीत मामाला वही दाखवली, तर त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "अगं, आता या तिकिटांना कोण विचारणार?"

हे आज आठवलं ते एका चित्रामुळे. दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडं उंच, एवढासा तो पुठ्ठा. पण २०२२ साली अमेरिकेत तसलं एक चित्र साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं! त्यावर आहे होनस वॅग्नर नावाचा बेसबॉलपटू.

होनसचा जन्म १८७४ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. होनसनेही लहानपणीच शाळा सोडून खाणीत काम धरलं. पुढे १८९७ मध्ये तो मोठ्या स्पर्धांत उतरला आणि १९०० ते १९१७ पिट्सबर्गच्या संघाकडून खेळला. पाय बाकदार, हात लांबलचक आणि पंजे तर फावड्यासारखे! पण त्याच्याकडे आलेला चेंडू सहसा सुटायचा नाही. फलंदाजीत तर तो आठ वेळा आपल्या लीगमध्ये पहिला आला. १९३६ साली बेसबॉलच्या सन्मान-दालनासाठी पहिले पाच खेळाडू निवडले, त्यांत होनस होता.

आता चित्राची गंमत ऐका. त्या काळी सिगारेट कंपन्या पाकिटात खेळाडूंची रंगीत चित्रं घालत. पाकीट चेपत नसे, आणि संच पुरा करायला लोक पुन्हा पुन्हा तीच सिगारेट घेत. मुलांनाही त्या चित्रांचं भारी वेड! १९०९ मध्ये निघालेल्या एका मालिकेत पाचशेहून जास्त चित्रं होती. होनसचंही छापलं गेलं, पण त्याने परवानगीच दिली नाही. परवानगी मिळवणाऱ्या बातमीदाराला दहा डॉलर मिळायचे होते. त्याचं नुकसान नको, म्हणून होनसने स्वतःच दहा डॉलर पाठवले, असं सांगतात. छपाई थांबली. आज त्याची जेमतेम साठेक चित्रं उरली आहेत. म्हणून तर एवढी किंमत!

त्याने नकार का दिला? आपल्या चित्रापायी मुलांनी सिगारेटच्या पाकिटांमागे लागू नये म्हणून, असं बरेचजण मानतात. काहीजण म्हणतात, कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणून. आणि खरं सांगायचं तर होनस स्वतः तंबाखू खायचा बरं का! पण मला विचाराल तर, आपल्याला जी सवय सुटत नाही ती मुलांना लागू नये, असं मोठ्या माणसांना वाटतंच की. तुमच्या घरीही असं कुणी असेल.

याच चित्राच्या एका प्रतीची आणखी एक गोष्ट. तिच्या कडा अगदी कोऱ्या करकरीत! २००७ साली ती अठ्ठावीस लाख डॉलरला गेली. पुढे २०१३ मध्ये तिच्या एका जुन्या विक्रेत्याने कोर्टात कबूल केलं, की जास्त किंमत यावी म्हणून कडा आपणच कापल्या होत्या. हौशी लोक मात्र इतकी वर्षं त्या कडांचं कौतुक करत होते!

एकाने नको म्हणून चित्राचं मोल वाढलं आणि दुसऱ्याने लबाडी करून वाढवलं. दोघांनाही पैसे दिसत होते, हो ना?

माझी वही अजून आहे. कापलेली तिकिटंही तिच्यात तशीच आहेत. वर्गात कुणी संग्रह आणला, की मी आधी तेच पान उघडून दाखवते.

तुम्ही काय जमवता? पत्राने जरूर कळवा. आणि हो, कात्री जरा लांबच ठेवा!