खुल्या दफ्तराचे मोल

अल्झायमरच्या विकारात स्मृती ढळण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून मेंदूत अमायलॉइड नामक प्रथिन साचू लागते; परंतु त्याची निश्चिती एके काळी शवविच्छेदनानंतरच होत असे. मेंदूतील हे बदल जिवंतपणीच टिपता यावेत म्हणून २००४ साली अमेरिकेत मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ‘अ‍ॅडनी’ प्रकल्पाने सरकारचे आणि परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या औषध कंपन्यांचे द्रव्य एकत्र आणून, अमेरिका व कॅनडातील अनेक केंद्रांत एमआरआय आणि पेट चित्रे एकाच शिरस्त्याने घेण्याचा पायंडा पाडला. यंत्रायंत्रांतील तफावत उमगावी म्हणून ताम्रलवणाच्या द्रावणाने भरलेल्या लहान गोळ्यांचा एक नमुनाही एमआरआय यंत्रांत ठेवून तपासला जाई.

तथापि या उद्योगाचे खरे श्रेय यंत्रांहून अधिक त्याच्या औदार्याला द्यावे लागेल. कारण जमलेली माहिती कोणाची मिरासदारी न ठरता रीतसर अर्ज करणाऱ्या जगभरच्या संशोधकांना खुली झाली. अशा संशोधनाच्या वाटेवरचे, अमायलॉइड हटवणारे आणि २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता पावलेले लेकानेमॅब हे औषध रुग्णाच्या ऱ्हासाची गती केवळ किंचित मंद करते, हे खरे. शिवाय प्रकल्पातील स्वयंसेवक बहुतांशी गोरे व सुशिक्षित असल्याने त्याचे निष्कर्ष सरसकट सर्वांना लागू करणे धाडसाचे होईल. तरी खुलेपणाचे मोल आणि ही उणीव दोन्ही ध्यानात घेऊन सार्वजनिक खजिन्यातून पोसलेल्या प्रत्येक वैद्यकीय संशोधनाचे दफ्तर खुले असावे, आणि त्यात सर्व थरांतील माणसांची नोंद व्हावी, असा दंडक शासनांनी घालून द्यावा.