टीएमसी मोजून नळ शुद्ध होत नाही

उन्हाळा लागला की मालेगावात एकच मागणी जोर धरते : धरणातले आरक्षण वाढवा. शहर वाढले, यंत्रमागांभोवतीच्या वस्त्या वाढल्या, म्हणून पाणी पुरत नाही, असे त्यामागचे म्हणणे. हिशेबाला ते टिकत नाही. सात लाख माणसे धरा, माणशी रोज 135 लिटर धरा. वर्षाला सव्वा टीएमसीच्या आसपास लागते. एकट्या गिरणा धरणाचा उपयुक्त साठा साडेअठरा टीएमसी, चणकापूरचे आवर्तन वेगळेच. दुष्काळी वर्षी धरण भरत नाही आणि शेतीचा वाटा मोठा आहे, हे खरे. पण पिण्याच्या पाण्याला पहिला मान राज्याच्या जलनीतीनेच दिला आहे.

नळाला घाण पाणी येते, त्यावर दुसरा उपाय सांगतात क्लोरीनचा. पाणी सोडणे थांबले की जलवाहिनी रिकामी होते आणि गटारीला खेटून गेलेल्या गळक्या सांध्यातून घाण आत शिरते. पाणी सुटताच गल्लीभर मोटारी घरघरतात, त्यांच्या ओढीने आणखी घाण येते. पहिल्या बादल्या मोरीत ओतायच्या, नळाला फडके बांधायचे, हे घरातल्या बायांच्या अंगवळणी पडले आहे. टाकीवर कितीही औषध टाका, शेवटच्या नळाशी लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरले नाही तर ते वाया गेले.

घाण फक्त वाहिनीतच शिरते असे नाही. मोसम आणि गिरणा या नद्या मालेगावात मिळतात. गिरणा धरण त्या संगमाच्या खालच्या अंगाला, नांदगाव तालुक्यात पांझणजवळ आहे. म्हणजे मोसमेत सोडलेले आपले सांडपाणी वाहत त्याच धरणाकडे जाते, जिथून आपण पाणी उपसून परत आणतो. तेच धरण चाळीसगावची तहान भागवते. आरक्षण वाढवले की सांडपाणीही वाढणार, कारण वापरलेल्या पाण्याचा ऐंशी टक्के भाग गटारीला जातो असे अभियंते धरतात.

म्हणून पैसा आधी सांडपाणी शुद्धीकरणावर आणि सांध्यांवर खर्च व्हावा. एकेक प्रभाग घेऊन वाहिनी बदलावी, तिथे दाब कायम ठेवावा आणि मीटर बसवावे. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी मीटरवर देऊन दाखवले आहे. मीटर गरिबाला मारेल, ही भीती मनापासूनची आहे. पण गरजेपुरत्या पाण्याचा दर नाममात्र ठेवता येतो. आज तोच गरीब जारवाल्याला आणि दवाखान्याला पैसे मोजतो आहे.

मालेगावकरांनो, प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल दर आठवड्याला चौकात लावण्याची मागणी आपल्या नगरसेवकाकडे करा.